भिंतीपर्यंतची माती

तारिहाळ, हुबळी
९ जानेवारी २०२४

ती. धम्मानंदअण्णास,
सप्रेम जयभीम.

फोनवर बोलताना अव्वा शेजारीच असते, म्हणून लिहिते आहे. आपल्या घरामागचा लोखंडावर क्रोमचा मुलामा चढवायचा जुना कारखाना आठवतो ना? ती जमीन सरकारने साफ करायला घेतली आहे. तिथे बाग होणार, वाचनालय होणार. अंगभर पांढरे कपडे आणि मास्क घातलेली माणसं माती उकरतात, झाकलेल्या ट्रकांतून नेतात. अप्पा रोज बघायला जातात. म्हणाले, इथे कामाला असताना याच पिवळ्या पाण्यात आम्ही चपला घालून उभे राहायचो. सांगताना हसले. मला हसू आलं नाही.

काल त्या सफाईवाल्या माणसांनी आपल्या बोअरचं पाणी तपासलं आणि पंपावर लाल फुली मारली. कारखान्याचं विष खाली मुरलंय म्हणे. फुली पुसता येईल ना, असं अव्वा त्यांना विचारत होती. नळ येईपर्यंत सगळी गल्ली तेच पाणी प्यायली, अण्णा.

तुझं कन्नड पुण्यात गंजलंय, असं अव्वा म्हणते. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
सुकन्या

पुणे
२६ जानेवारी २०२४

चि. सुकन्यास,
जयभीम आणि खूप आशीर्वाद.

पत्र मिळालं. आईवडिलांना घेऊन इकडे ये. जागा लहान आहे, पण पाणी तरी चांगलं आहे. तिथल्या प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात फोन केला, तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवलं. आपल्या बाजूची माती कधी काढणार, हे तिथलं काम बघणाऱ्या इंजिनिअरला तूच विचार. शेजारच्या चंद्रभागामावशी कशा आहेत? त्यांचा विषय काढला की अव्वा फोन ठेवते.

माझं कन्नड शाबूत आहे, अव्वाचं मराठी आधी तपास! तब्येतीला जपा, माया राहू दे.

तुझा अण्णा,
धम्मानंद

तारिहाळ, हुबळी
२१ मार्च २०२४

ती. अण्णास,
सप्रेम जयभीम.

इंजिनिअर श्रीनिधी भला माणूस आहे. मला खुर्ची दिली. मंजूर झालेलं काम कंपाउंडच्या भिंतीपर्यंतच आहे, म्हणाला. आपल्या बाजूसाठी त्याने वर लिहून पाहिलं, उत्तर आलं नाही. शेवटचा ट्रक गेला. भिंतीला हिरवा रंग दिलाय. नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं, म्हणून आपल्याकडे टँकर येतो.

चंद्रभागामावशींच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत, डायलिसिस चालू आहे. दुष्काळाच्या साली आपल्या बोअरवरून अव्वाने कुणाची घागर रिकामी परत पाठवली नव्हती. आता ती उंबऱ्याबाहेर पडत नाही. हे त्या पाण्यानेच झालं का, असं तिने डॉक्टरांना विचारलं. आता सांगता येणार नाही, म्हणाले. हो म्हणाले असते तर मी तिचे पाय धरले असते, नाही म्हणाले असते तर झोपले असते, असं अव्वा म्हणते.

काल मावशी स्वतःच आल्या, भिंत धरत धरत. अव्वाजवळ बसल्या. तू पाणी दिलंस, विष दुसऱ्यांनी घातलं, असं त्यांनी तिला कन्नडमध्ये दोनदा सांगितलं. अव्वाने त्यांचा पदर हातात धरला. मग मावशींनी दोन घोट पाणी मागितलं. टँकरचंच होतं, उकळलेलं. अव्वाने पेला भरला, पण तो तिला पुढे करवेना. स्वतःच्याच मांडीवर धरून ठेवला. शेवटी मीच दिलं.

अप्पा-अव्वा घर सोडायला तयार नाहीत. काय करावं, मला कळत नाही. जमलं तर येऊन जा, नाही जमलं तरी आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सुकन्या