पहिला चमचा

इगतपुरी, ३ ऑगस्ट १९९८

ती. गं. भा. मावशीस,
मनीषाचा शि. सा. न. वि. वि.

इथे पंधरा दिवस ऊन नाही. कपडे आणि माझा नवरा महेश, दोघेही दमट. तुझी शेंगदाण्याची चटणी मात्र कोरडी पोचली आणि रेल्वे कॉलनीत संपलीही.

महेशने नवी पाकिटं छापून घेतलीत, एक सोबत आहे. गेल्या खेपेला तो तुझ्याकडे आला, तेव्हा चटणीचा पहिला चमचा तू देवळीत ठेवताना त्याने पाहिलं. म्हणून छापलं, 'देवाला नैवेद्य दाखवूनच भरलेली.' बायका पाकीट कपाळाला लावून घेतात. गणपती मंडळाने साठ पाकिटं सांगितलीत. ती आवडली तर किराणावाले झुंबरशेठ आपली चटणी बारा महिने दुकानात ठेवतील.

एकीने विचारलं, नैवेद्याआधी कोणी चाखत तर नाही? मी ठणकावून सांगितलं, मावशी जिभेलासुद्धा लावत नाही.

माया आहेच, ती चटणीसोबत पाठवत राहा.
तुझी मनीषा

मखमलाबाद, नाशिक, १७ ऑगस्ट

चि. सौ. मनीषास अ. उ. आशीर्वाद.

पाकीट तीनदा वाचलं. वाचायला मी चाळिशीत शिकले, तेही भाजी बांधायच्या रद्दीवर. छापलेलं सगळंच खरं नसतं, हे तिथेच कळलं.

पण तू शब्द देऊन बसलीस. तुला खोटं पाडायचं नाही, म्हणून या वेळी कणभरही चाखली नाही. मध्येच शेजारची शकुबाई कोंबड्यांचं भांडण घेऊन आली. ती गेल्यावर मीठ घातलं होतं की नाही, आठवेना. घातलं नसावं असं धरून घातलं. मग देवाला दाखवली. नैवेद्य झाल्यावर चाखून प्रसादाला नावं कशी ठेवायची? तशीच भरली.

महेशला सांग, कान कोरडे ठेव. दोघांनी माझी आठवण ठेवा.
मावशी

इगतपुरी, २ सप्टेंबर

ती. गं. भा. मावशीस शि. सा. न.

मीठ दोनदा पडलं होतं. प्रसादाला नाही म्हणवेना, म्हणून सगळ्यांनी खाल्ली. कोणी तक्रार केली नाही. मंडळाचं पाण्याचं पिंप मात्र आरतीआधीच आटलं. झुंबरशेठ तेवढे बोलले, "वहिनी, नैवेद्यानंतर देवाने पाणी मागितलं असेल." पुढची खेपही अशी निघाली तर दुकानात जागा नाही.

मावशी, आता चाख. पण पाकिटावरच्या ओळीचं काय करू?

रागावली असलीस तरी लिही.
मनीषा

मखमलाबाद, ८ सप्टेंबर

चि. सौ. मनीषास आशीर्वाद.

ती ओळ झाकून टाक. तो चमचा देवाचा नव्हताच. देवळीत गणपतीच्या मागे तुझ्या काकांचा फोटो आहे, महेशला दिसला नसेल. चुलीवरून जे उतरेल त्याचा पहिला चमचा तीस वर्षं मी त्यांच्या हातावर ठेवला. मळ्यातून आलेला हात, कोथिंबिरीच्या वासाचा. चाखून म्हणायचे, मीठ बरोबर. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, चमचा चालूच आहे. तिथे ठेवते, मग त्यांच्या वतीने मीच चाखते.

देवाला मी रोज हात जोडते, पण गिऱ्हाईक आण असं कधी म्हटलं नाही. आणि आता काकांनाही पाकिटावर बसवू नका. ते माझे आहेत, घरातच राहू देत.

सोबत चिकटवायला पट्ट्या पाठवते, माझ्याच वाकड्या अक्षरात: 'मीठ चाखून पाहिले आहे.' एवढं खरं आहे.

राग नाही. तुम्हीही मनात ठेवू नका.
मावशी

इगतपुरी, २७ सप्टेंबर

ती. गं. भा. मावशीस शि. सा. न.

पट्टी वाचून झुंबरशेठ इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग नव्या खेपेची चटणी चाखली, आणि पुढच्या फळीवर मोकळी जागा करून दिली. महेश तुझी माफी मागतो.

आता स्वयंपाक झाला की मीही पहिला चमचा त्याच्या हातावर ठेवते. काल आमटी खारट झाली होती. तरी तो म्हणाला, मीठ बरोबर. काका असंच करायचे का गं?

उत्तराची वाट बघतेय, आशीर्वाद त्यातच घाल.
मनीषा

मखमलाबाद, ३ ऑक्टोबर

चि. सौ. मनीषास आशीर्वाद.

हो. तीस वर्षं खोटं बोलले. म्हणून तर मिठाचा हात बसला नाही, आणि त्यांच्यामागे मला स्वतःला चाखावं लागतं.

महेशला जप.
मावशी