माझं घर, एमिलची हत्यारं आणि पुलापलीकडचे पोलीस

मी, बर्नडीन ह्रुस्का, वय छप्पन, एमिल ह्रुस्काची विधवा, राहणार स्लेट गल्ली, मिल्सबेंड, पेनसिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी घालून बघावा. शाळा मी नववीत सोडली, तेव्हा वकिलासारखं जमणार नाही. गुरुवारी शहरातल्या इस्पितळात माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. घाबरले नाही, पण आवरून ठेवते.

कलम १. राहतं घर माझ्या बहिणीची मुलगी थिया ब्रेनन हिला द्यावं. विकायचं तर विकावं, रडत बसू नये. स्वयंपाकघरात खिडकीखाली एक जागा आहे, तिथे मी सहा वर्षं काही ठेवू दिलेलं नाही. थिया विचारते, "मावशी, इथे टेबल किती छान बसेल." बसेल. माझ्यानंतर खुशाल ठेवावं.

कलम २. बँकेत असेल त्यातून माझं दफन करावं, उरेल ते थियाचं. दफनानंतरच्या जेवणाला हालुश्की, म्हणजे आमच्या कोबी घातलेल्या शेवया, हवीच, आणि कोबी लोण्यात नीट परतलेला असावा. चर्चच्या बायका घाई करतात.

कलम ३. एमिलची हत्यारं, म्हणजे रंधे, पटाशा आणि तळघरातला लाकूड पकडायचा शेगडा, शेजारी वॉल्ट कॉलियर याला द्यावीत. आमची शिडी आठ वर्षं त्याच्याकडेच आहे. तीही त्याला दिली असं समजावं, म्हणजे मला बघून त्याला गॅरेजचं दार लावून घ्यावं लागणार नाही. मी नसेनच म्हणा.

कलम ४. एमिलचा पोलिसाचा कोट कोणालाही देऊ नये. तो माझ्याबरोबर पुरून टाकावा.

एमिल बावीस वर्षं मिल्सबेंडचा पोलीस होता. संध्याकाळी दुकानं बंद झाली की तो गल्लीतून पायी जायचा आणि एकेका दाराची मूठ फिरवून बघायचा. न्हावी, औषधवाला, बेकरी. सगळ्यात शेवटी आमचं दार. आतून कडी लावलेली असायची, तरी मूठ हलायची आणि बाहेरून आवाज यायचा, "ह्रुस्काबाई, सगळं ठीक?" मी म्हणायचे, "नवरा अजून आला नाही, बाकी ठीक." बावीस वर्षं एकच थट्टा. आता त्या वेळेला मी रेडिओ मोठा करते.

कलम ५. मिस ओपल रेडिक, वय एक्याण्णव, हिला दर मंगळवारी माळ्यावर माणूस दिसतो. एमिल वर चढून बघायचा आणि सांगायचा, "आज गेला तो, मिस रेडिक." मग तिथे आल्याचा केक खायचा. एमिल गेल्यावर जे अर्धवेळ पोलीस आले, ते दर मोसमाला बदलतात. एकाने तिला सांगितलं की माळ्यावर कोणी नसतं. ती दोन दिवस जेवली नाही. आता मी चढते. माझ्यामागे कोण चढणार हे ठरल्याशिवाय माझं घर विकू नये.

कलम ६. हे मालमत्तेचं नाही, पण लिहायलाच हवं. उद्या, मंगळवारी, नगर समितीत मतदान आहे: मिल्सबेंड आणि ओढ्यापलीकडचं कोरीटन यांचं पोलीस खातं एक करावं की नाही. सहा जण तीन-तीन वाटले गेलेत. सातवी मी.

समितीचा अध्यक्ष गॉर्डन पाइक रविवारी चर्चच्या पायरीवर म्हणाला, "बर्नडीन, तू तर एमिलची बायको. एमिलच्या गाडीवर कोरीटनचं नाव रंगवशील?"

मी म्हटलं, "गाडी आठवड्यातून चार दिवस चालकाविना उभी असते, गॉर्डन. तिच्यावर तुझ्या आजीचं नाव रंगव."

पण तो निघून गेल्यावर मी पायरीवरच बसले. एमिल एकत्र करण्याच्या विरुद्ध होता. म्हणायचा, "तिकडून येणाऱ्याला मिल्सबेंड म्हणजे नकाशा. मला दारं माहीत आहेत." त्याचं खरंच होतं. गेली सहा वर्षं माझी मूठ कोणी फिरवलेली नाही.

कलम ७. कोरीटनचा पोलीसप्रमुख रस टेबर याच्यावरचा माझा राग मी इथे रद्द करते. का, ते एकदाच लिहिते.

एमिलच्या मृत्यूच्या आदल्या वसंतात आमच्या समितीने कोरीटनला पत्र पाठवलं: आमचा कामावरचा पोलीस बोलावत नाही तोवर तुमची गाडी पुलाच्या अलीकडे येता कामा नये. मानाचा प्रश्न होता. हात वर करणाऱ्यांत मी पहिली. त्या पत्रापायी, एकदा न बोलावता पूल ओलांडला म्हणून, कोरीटनने रसला तीन दिवस घरी बसवलं होतं.

फेब्रुवारीत एमिल दुपारी जेवायला आला आणि खिडकीखाली पडला. मी फोन केला. रुग्णवाहिका वीस मिनिटांवर होती. हृदय चालू करायचं यंत्र रसच्या गाडीत होतं आणि रस पुलावर होता. पण त्या दिवशी मिल्सबेंडचा कामावरचा पोलीस एकच होता, आणि तो फरशीवर पडला होता. त्याच्या खांद्यावरच्या वायरलेसमधून रस विचारत होता, "एमिल, मी पुलावर आहे. येऊ का? नुसतं हो म्हण."

त्या वायरलेसला हात लावायचा नाही, असं एमिलने मला लग्नाच्या वर्षीच बजावलं होतं. मी त्याची छाती दाबत होते. "ये," मी ओरडले. वायरलेसचं बटण दाबलेलं नव्हतं, त्याला ऐकूच गेलं नाही. सात मिनिटांनी रस पत्र झुगारून आला. दारात मी त्याला म्हणाले, "आता कशाला आलास?" त्यानंतर त्याच्याशी बोलले नाही.

कलम ८. उद्या माझं मत 'एकत्र करा' असं पडेल. दोन अटी ठरावात घालून घेईन: संध्याकाळी स्लेट गल्लीत पायी फेरी, आणि मंगळवारी मिस रेडिकचा माळा. एमिल, तुला दारं माहीत होती. पण त्या दिवशी तुझ्या दारात यायला कोणाला परवानगी नव्हती, आणि ती मीच काढून घेतली होती.

कलम ९. साक्षीदार दोन लागतात. एक वॉल्ट. दुसऱ्यासाठी मी आज दुपारी कोरीटनला फोन केला.

"रस, सहीला माणूस हवाय."

तो म्हणाला, "बर्नी, मी कामावर आहे. वर्दीत आहे."

"मग काय, लग्नाचे कपडे घालून येणार होतास?"

"तुमचं पत्र अजून माझ्या खणात आहे."

"माहीत आहे. माझंच आहे ते. मिल्सबेंडकडून मी सांगते, पूल ओलांडून ये."

गाडी दारात थांबली आहे. वरचं सगळं वाचून, समजून, दोघांसमोर सही करते.

बर्नडीन ह्रुस्का
मिल्सबेंड, सोमवार, ता. ११ नोव्हेंबर २०१९

साक्षीदार १: वॉल्टर कॉलियर, स्लेट गल्ली, मिल्सबेंड. शिडी परत आणून ठेवली आहे.

साक्षीदार २: रसेल टेबर, कोरीटन. बोलावलं म्हणून आलो.