दाखल्यातले ऐंशी हजार

९ सप्टेंबर, मंगळवार

म्हाताऱ्याने घात केला!

दुपारी बहिणीचा, मानसीचा फोन. आधी नुसती रडत होती. फार्मसीला नंबर लागला, दादरलाच कॉलेज मिळालं, मग रडायला काय झालं? तर म्हणे फी माफ होत नाही. वर्षाचे एक लाख दहा हजार. सरकारने मुलींची फी माफ केलीये, पण घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत पाहिजे. आता आमचं किती असणार? बाबा कॉटन ग्रीनला गोदामावर वॉचमन. आठ लाख आमच्या लालबागच्या खोलीत मावणारसुद्धा नाहीत.

पण उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा आला अकरा लाख!

का? तर बाबा स्वतः गेले दाखला काढायला. फॉर्मवर लिहून दिलं— मुलगा अजित, मस्कत, सुपरवायझर, महिना ऐंशी हजार. कोणी विचारलं होतं? मागे लाइनीत चाळीतली चार माणसं उभी होती ना, मग छाती फुगणारच.

बावीस तारखेपर्यंत कागद नाही दिला तर पूर्ण फी भरा, नाहीतर सीट सोडा.

१० सप्टेंबर

इथे खोटं लिहून काय करू. ऐंशी हजार मीच सांगितले होते. दोन वर्षांपूर्वी, आल्या आल्या. आठवीत शाळा सोडलेल्या पोराला परदेशात कोण सुपरवायझर करतो, हे त्यांनाही कळायला पाहिजे होतं. नाही कळलं.

मी हॉटेलच्या लाँड्रीत आहे. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. पंचवीस हजार पडतात, पंधरा घरी धाडतो. बाकीचे बँकेत साठवतो असं सांगितलंय. गणपतीला मंडळाला पाच हजार वर्गणी दिली, खोलीतल्या कुशाबाकडून उसने घेऊन. मंडळाच्या स्पीकरवर नाव पुकारलं— 'अजित कोंडीराम, मस्कत!' बाबांनी फोन लावून ते ऐकवलं मला. दोनदा पुकारायला लावलं!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी. अंथरुणातच पडून राहिलो. कुशाबाला सगळं सांगितलं, सांगायला नको होतं. तो सांगलीकडचा, जिभेला हाड नाही.

"तू सुपरवायझर? कशाचा, अभ्र्यांचा?" म्हणाला, आणि एवढा हसला की वरच्या पलंगावरचा माणूस जागा झाला.

मग म्हणाला, "सोपं आहे की रं. कंपनीकडनं पगाराचं पत्र घे, धाडून दे. पंचवीसचे वर्षाला तीन लाख. तुझा म्हातारा मिळून साडेचार. पोरीची फी माफ."

सोपं! त्या पत्रावर पगाराच्या वर हुद्दा लिहितात. लाँड्री अटेंडंट. ते चाळीत कोण वाचणार? सगळे वाचणार.

१४ सप्टेंबर

हेमचंद्रचा फोन. चाळीतला एकमेव बी.कॉम., सगळ्यांचे फॉर्म तोच भरतो आणि सगळ्यांना तसं ऐकवतोही.

"अजित, तू टेन्शन घेऊ नकोस. आपण प्रतिज्ञापत्र करू. मुलगा विभक्त राहतो, घरी एक पैसा पाठवत नाही, त्याच्या उत्पन्नाशी आमचा संबंध नाही. काकांनी सही केली की झालं. दाखला नवीन निघेल."

एक पैसा पाठवत नाही! हात भाजलेत माझे इस्त्रीच्या रोलरवर. दोन वर्षांत नवी चप्पल घेतली नाही. आणि लिहायचं काय, तर एक पैसा नाही.

पण तोंडाने म्हणालो, "कर." माझं खोटं झाकलं जात होतं ना.

१५ सप्टेंबर

बाबा सही करत नाहीत!!

फोनवर त्यांचं तेच तेच. "झील म्हयन्याक पैसे धाडता मा? मग नाय कसा म्हणू? खोटा लिवन देवचंय नाय मी."

मी म्हणालो, अहो बाबा, नुसता कागद आहे. तर म्हणाले, "कागदावरच तर माणूस धरूक गावता." चाळीस वर्षं गोदामाच्या रजिस्टरात आत-बाहेरच्या गाड्या लिहिल्या, एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, हे पुराण पुन्हा सुरू. मध्ये आईने फोन ओढला— "जेवलंस काय रे?" जेवणाचं काय घेऊन बसलीस! इथे घर पेटलंय.

असा माणूस घरात असला की दुसऱ्या शत्रूची गरज नाही.

१६ सप्टेंबर

मी आठवीत शाळा सोडली तेव्हा कुठला हेमचंद्र आला नव्हता फॉर्म घेऊन. बाबा म्हणाले, "बघ तुका काय जमता ता." बघितलं. मंडपाचे बांबू, मग कुरियर, मग हे. माझ्यासाठी ना दाखला, ना माफी, ना शेवटची तारीख. हिच्यासाठी अख्खी चाळ जागी.

मानसीचा राग नाही. आहे. आज आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मानसीने सरळ विचारलं, "दादा, पगाराचं पत्र पाठवायला काय होतं तुला? ऐंशी नसतील, सत्तर असतील. निदान एजंटचं कर्ज, खोलीभाडं कापून किती राहतात ते तरी दाखवू. कॉलेजमधल्या मॅडम बघते म्हणाल्यात."

मी म्हणालो, "कंपनी देत नाही."

"सगळ्या कंपन्या देतात. हेमचंद्रदादा म्हणाला."

"मग त्याच्याकडूनच घे फी!"

"तुला मी शिकायलाच नकोय ना? तू नाही शिकलास म्हणून?"

शिवी दिली. सख्ख्या बहिणीला. जी द्यायची नाही ती. फोन कापला आणि तिला ब्लॉक केलं. घरच्या फोनलाही. करा आता मला फोन!

१९ सप्टेंबर

सुट्टी होती, तरी दोन शिफ्ट केल्या.

२१ सप्टेंबर, रविवार

ऑफिसात गेलो. क्लार्क केरळचा, चांगला माणूस. "कशाला पाहिजे पत्र?" विचारलं. मी म्हणालो बहिणीच्या कॉलेजला. लगेच छापून दिलं, वर शिक्का मारला, आणि म्हणाला, "फार्मसी? गुड, गुड." हरामखोराने हसून दिलं म्हणून जास्त राग आला.

नाव, हुद्दा, पगार. तीन ओळी. माझं सगळं आयुष्य तीन ओळींत बसतं आणि वर जागा उरते.

खिशात घडी करून ठेवलंय. कुशाबा म्हणतो, "धाड लेका, तिकडं दिवस मावळला." उद्या शेवटचा दिवस. बाबा तर सही करणार नाहीत, ते मरतील पण करणार नाहीत. म्हणजे सीट माझ्या या खिशात आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सहाला, शिफ्टच्या आधी, ब्लॉक काढला. पत्राचा फोटो पाठवला. खाली लिहिलं— 'हेच खरं आहे. मॅडमना दे. बाबांनाही सांग.' पाठवलं आणि फोन लॉकरमध्ये टाकला. भीती वाटत नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं की चादरीच धुतो, चोरत तर नाही.

संध्याकाळी फोन उघडायचा होता. नाही उघडला. काय म्हणतील ते उद्या म्हणतील.

२३ सप्टेंबर

मानसीचा मेसेज, कालचाच, सकाळी साडेनऊचा.

'दादा, ॲडमिशन झालं शनिवारीच. फी माफ, नवा दाखला मागाहून द्यायचा. तू फोन उचलेनास म्हणून शुक्रवारी रात्री बाबा स्वतः हेमचंद्रदादाकडे गेले. शनिवारी सकाळी नोटरीपुढे सही केली. मुलगा एक पैसा पाठवत नाही म्हणून. नोटरीने मोठ्याने वाचून विचारलं, खरं आहे ना? बाबा हो म्हणाले. तेव्हापासून जेवले नाहीत नीट. तुझं पत्र फक्त मी पाहिलंय. त्यांना दाखवू?'

पत्र दाखवलं तर कळेल त्यांना, की ते खोटं बोलायची गरजच नव्हती.

लिहिलं— डिलीट कर.