डावी बाही

बाई, रविवारी सकाळी तुम्ही मला दिसलात. कस्तुरबा गांधी मार्गाच्या आतल्या बाजूला, एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर, ऐतिहासिक चित्रपटांसाठी हातांनी शिवलेल्या वेशभूषांचं प्रदर्शन भरलं आहे. त्याच्या शेवटच्या दालनात, अगदी मंद ठेवलेल्या उजेडात, तुम्ही पाठमोऱ्या उभ्या होतात. डोकं नव्हतं. तरीही मी दारातच थांबले, कारण ओळखीचं माणूस पाठीवरून आधी कळतं आणि चेहरा मागाहून आठवतो. डावा खांदा किंचित उतरलेला, डावा हात अंगापासून थोडा दूर धरलेला, जणू काखेत काही नाजूक वस्तू आहे आणि ती चिरडू द्यायची नाही. माझ्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी तुम्ही फळ्याकडे वळलात की अशाच उभ्या राहत होतात. आज मी तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरीच मोठी आहे, आणि तरीही त्या पाठीसमोर माझे खांदे आपोआप सरळ झाले.

घाबरणं माझ्या स्वभावात नाही. मी आधी कारण शोधलं, आणि ते लगेच सापडलं. तो तुमचा अंगरखा होता. पानिपतच्या छावणीतून पुरुषवेषात निघालेल्या एका स्त्रीच्या चित्रपटासाठी तुम्ही शिवलेला, दोन थरांमध्ये रुई भरून टाके घातलेला. चित्रपट अर्ध्यावर बंद पडला, नायिकेने तो एकदाही अंगात घातला नाही, आणि निर्मात्याच्या घरातल्या पेटीतून तो आता इथे आला आहे. जुना कपडा तयार पुतळ्यावर चढवत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. आधी बारीक अंगाचा सांगाडा उभा करतात, त्यावर कपडा घालतात, आणि मग आतून कापूस भरत जातात. कपडा मागेल तिथे जास्त, ताणेल तिथे कमी. शेवटी जे अंग तयार होतं, ते ज्याच्यावर तो कपडा बेतला त्याचंच असतं. आणि तुम्ही काहीही लाकडी पुतळ्यावर बेतत नव्हतात.

त्या शेवटच्या वर्षीचा हिवाळा. आर. के. पुरममधली तुमच्या भावाची सरकारी जागा, दुसरा मजला. सोफा भिंतीला सरकवलेला, खाली पांढरी चादर, चादरीवर पांढऱ्या रुईचा धुरळा. मी ओठांत टाचण्या धरून बंद दाराबाहेर उभी आहे. "लाकूड श्वास घेत नाही," असं तुम्ही वर्गात सांगितलं होतं, म्हणून आत तुम्ही स्वतः अंगरखा घालताहात, बंद बांधताहात. मी आत येऊन मदत करू का विचारते. "बाहेर थांब. हाक मारीन." हाक येते तेव्हा तुम्ही पूर्ण सजून उभ्या असता, आणि मला फक्त घेर टाचायची परवानगी असते. खांद्याला टेप लावायला मी हात उचलते, तर तुम्ही अशी मागे सरकता की माझ्या ओठातली टाचणी खाली पडते. "दिसतंय तेवढं टाच. वाटतंय ते नको." मला तो शिस्तीचा धडा वाटला. पुढे मी तो जसाच्या तसा माझ्या विद्यार्थ्यांना दिला.

त्याच हिवाळ्यात तुम्ही मला पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला नेलंत. अस्तराला तिथल्या मातीचा रंग हवा होता. दुसरी माती चालणार नव्हती. महाराष्ट्रातून आलेली मंडळी स्मारकापाशी हार वाहत होती, घोषणा देत होती, आणि तुम्ही त्या सगळ्यांपासून दूर, शेताच्या कडेला उकिडव्या बसून उजव्या हाताने ओली माती फडक्यात भरत होतात. डावा हात शालीत होता. परतताना बसमध्ये मी पिशवी घ्यायला पुढे झाले. "माझा हात तुटलेला नाही," तुम्ही म्हणालात, आणि खिडकीकडे तोंड फिरवलंत. उन्हाळा सुरू होण्याआधी तुम्ही गेलात. तुमच्या भावाने आम्हाला ताप एवढंच सांगितलं.

तर रविवार. इथल्या मराठी मंडळींपैकी एका गृहस्थांच्या आग्रहावरून मी काही विद्यार्थ्यांना प्रदर्शन दाखवायला नेलं होतं. गावाकडून दिल्लीत येऊन राजेंद्र नगरातल्या खोल्यांत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं. चोळीला ब्लाऊज म्हणणारी, प्रत्येक वस्तूसमोर पाठ करून स्वतःचा फोटो काढणारी. माझं त्यांच्याविषयीचं मत पहिल्याच दालनात ठरलं होतं. शेवटच्या दालनात मात्र कुणी फोन वर केला नाही.

"आयला, हिला मुंडकंच नाही," एक बीडचा मुलगा हळूच म्हणाला.

"बाकीच्यांना तरी कुठाय?"

"बाकीच्यांचं जाणवत नाही ना यार. हिचं जाणवतं."

परभणीची एक चष्मेवाली मुलगी पुतळ्याला पूर्ण वळसा घालून आली. "मॅडम, हिची डावी बाही उजवीपेक्षा मोठी का हो?"

माझ्या बाईंच्या हातून दोन बाह्या असमान होणं शक्य नाही, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी जवळ गेले. बाही उसवून तिच्यात पट्टी जोडली होती, पुन्हा उसवून आणखी एक, पुन्हा एक. प्रत्येक वेळचा दोरा निराळा, कारण मधे दिवस गेले होते. त्याच बाजूची छाती आत घेतलेली होती, आणि तिथे कापसाने भरायला जागाच उरली नव्हती. उजवी बाजू भरलेली, डावी सपाट. कपड्यांवरून माणसांची शरीरं वाचणं हा माझा विषय आहे, बाई, त्यावर माझे ग्रंथ आहेत. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा हात असाच सुजत जातो. बंद दाराआड तुम्ही अंगरखा नव्हे, स्वतःला बेतत होतात, आणि मी दोन पावलांवर टाचण्या धरून उभी होते.

तेवढ्यात पुतळा उभा करणारी मुलगी आली. दिल्लीचीच, तरुण, बोटांना अजून कापसाचे तंतू. "मैम, अच्छा हुआ आप आ गईं। लेफ्ट साइड का सब पूछते हैं। सोमवार को बंद रहता है, बराबर कर दूँ? आप बोलेंगी तो कोई कुछ नहीं कहेगा।"

"आपने ऐसा बनाया क्यों?"

"मैंने कहाँ बनाया, मैम। कपड़ा भरवाता गया, मैं भरती गई।" मग आवाज खाली आणून, "सच बताऊँ? अकेली होती हूँ तो इसकी तरफ पीठ नहीं करती।"

मी हो म्हटलं असतं तर सोमवारी संध्याकाळी तिथे एक सुडौल, कुणाचीच नसलेली बाहुली उभी राहिली असती, आणि तुम्ही दुसऱ्यांदा गेल्या असतात. खरं सांगितलं असतं, तर जे तुम्ही माझ्यापासूनही बंद दाराआड ठेवलंत, ते दोन भाषांत पाटीवर छापून लागलं असतं, आणि लोकांनी त्याच्यासमोर फोटो काढले असते. न बोलण्याचा मार्ग नव्हता. तिचा हात बाहीकडे गेलाच होता.

"डावरी असंल ती," परभणीची मुलगी एकदम म्हणाली. "तलवार डाव्या हातात. दंड भरणारच ना मग."

"बिल्कुल! आणि हे पेपरात लिही, शून्य मार्क," बीडकर म्हणाला. सगळी हसली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आधाराशिवाय केलेला तर्क मी आजवर कुणाचाही खपवून घेतलेला नाही. एका मुलीचा प्रबंध मी केवळ एका सैल 'बहुधा'साठी परत केला आहे. वातानुकूलनाच्या वाऱ्यावर अंगरख्याचा एक सुटा बंद हलत होता.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "ती डावखुरी होती." आणि त्या तरुणीला हिंदीत बजावलं, की याला कुणीही हात लावायचा नाही, पाटीचा मजकूर मी लिहून देईन.

"मॅडम, सोर्स काय?" बीडच्या मुलाने अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

"मी," मी म्हणाले.

मजकूर त्याच संध्याकाळी दिला. पाटी लागली आहे. वाक्य निर्दोष आहे आणि खोटं आहे, आणि माझ्या नावामुळे पुढे कुणीतरी ते उद्धृत करेल. तुम्हाला हे आवडलं असतं का, ते मला ठरवता येत नाही. हे पत्र मी कुठे ठेवणार नाही, कुणाला दाखवणार नाही. लिहून झालं की फाडीन, कारण यातल्या एका गोष्टीला साक्षीदार नाही आणि नसावा.

मुलं चहाला गेल्यावर दालनात मी एकटी राहिले. प्रदर्शित वस्तूला स्पर्श करायचा नाही, हे मी प्रत्येक वर्गाला पहिल्या तासाला सांगते. मी तुमच्या डाव्या काखेखाली बोटं दाबून पाहिली. आत कापूस होता. दुसरं काही असण्याचं कारणही नव्हतं. तरी हात काढून घेताना मी विचारलं, "दुखलं का?" मनात नाही, बाई, मोठ्याने. आणि उत्तरासाठी थांबले.