पडलेला त्रिकोण

मामी, सासूला मामी म्हणायची आपल्या घरची रीत, ती तुम्ही गेल्यावरही माझ्या तोंडातून गेली नाही. तुमच्याशी मी कमी भांडले नाही, पण आज भांडायला लिहीत नाही. काल नात ठोकळे खेळत होती. त्रिकोणी ठोकळा तिने टोकावर उभा करून पाहिला, तो पडला, आणि मला नाचणगावचं आपलं स्वयंपाकघर आठवलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. गावातल्या बालवाडीवर मी नुकतीच लागले होते, तीही कच्ची. तुमचं म्हणणं एकच, "पोट्टे खेळवाची का नवकरी असते? दिवाळी झाली का कापूस वेचाले चाल." घरातले पुरुष गप्प, म्हणजे तुमचंच चालणार. मला वाटायचं, दिवाळीआधीची तपासणी चांगली झाली आणि मला कायम केलं, तर निदान बोलायला तोंड राहील.

आणि नेमकं तपासणीच्या आदल्या दिवशी पोरांनी माझी फजिती केली. मी फळ्यावर त्रिकोण काढायची तो कायम झोपडीसारखा, टोक वर. त्या दिवशी सहज उलटा काढला, तर सगळी एका सुरात ओरडली, "बाई, त्रिकोन पडला!" कितीही समजावलं तरी ऐकेनात. कागदाचे कापून हातात दिले, ते त्यांनी फाडले. चूक माझीच होती, पण घरी येऊन मी तोंड फुगवलं ते तुमच्यावर.

तुम्ही चुलीपाशी बसून शंकरपाळे करताय. न बघताच विचारता, "काऊन वं, तोंड काऊन उतरलं?" मी सांगते, आणि एवढंही म्हणून जाते की यातलेच थोडे तिकोनी कापून द्या, पोरं हातात घेऊन फिरवून तरी बघतील. तुम्ही झारा खाली ठेवता. "निवद दाखवल्याबिगर? देवाच्या आंधी पोट्ट्यायच्या तोंडात? अक्कल गहाण ठेवली का?" दिवाळीचं फराळ नैवेद्याआधी आपल्या घरात कुणी चाखलेलं नव्हतं, मामाजींनीसुद्धा नाही. मी तणतणत उठले. उपाशीच झोपले, आणि तुम्हीही मनवायला आला नाहीत.

सकाळी देवापुढे दिवा लागलेला. दिवाळीला अजून आठवडा, त्या दिवशी सणवार काही नाही, आणि ताटलीत शंकरपाळ्यांचा नैवेद्य. शेजारी पितळी डबा, झाकणापर्यंत भरलेला, सगळे त्रिकोण. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. "देवाले म्या सांगतलं, यंदा पोरीची तपासनी हाये, आंधी खाऊन घे. आता ने." एवढंच बोलून तुम्ही गोठ्याकडे गेलात.

पोरांनी त्रिकोण फिरवले, उलटे धरले, एकमेकांच्या हातात ठेवले आणि मग खाल्ले. तपासणीच्या बाई आल्या तेव्हा निम्म्यांच्या ओठांना साखर. त्यांनी पुठ्ठ्याचा त्रिकोण टोक खाली करून धरला आणि विचारलं, हे काय? एक चिमुरडी उठली, "त्रिकोन. कसाबी धरा, तसाच लागते." बाई हसल्या, मग मीही हसले. पुढे मी कायम झाले.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "डब्बा आनला का वापस?" झालं तुमचं कौतुक. दिवाळी संपली, कापूस फुटला, आणि तुम्ही शेजारच्या काकूंना वेचायला बोलावलंत. मला एका शब्दाने विचारलं नाही. मी साडी नेसून बालवाडीत जायची, आणि तुम्ही टोपलं घेऊन वावरात. लोक म्हणायचे, नवरा भला मिळाला, नोकरी करू दिली. तो भला होताच. पण नोकरी टिकली ती तुमच्यामुळे.

हे आता लिहिते आहे, पण धाडू कुठे? आणि तुम्ही असतात तरी तुम्हाला अक्षर कुठे येत होतं? मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं. आणि खरं सांगते मामी, तेवढं माझ्याच्याने आजही झालं नसतं.