चाळीस यार्डांतला दीड फूट

मी, हॉलिस रे टार्पली, वय ५८, राहणार टॅलो बेंड, अलाबामा, सायप्रस बेंड कॉलेजच्या फुटबॉल मैदानाची बावीस वर्षं देखभाल करणारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मंगळवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही.

१. राहतं घर, मागची शेड आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी लोरेटा हिला. ओसरीची तिसरी पायरी एका बाजूला पाऊण इंच उतरती आहे. पाणी निघून जावं म्हणून मी ती मुद्दाम तशी बसवली. लोरेटाच्या भावाने ती दुरुस्त करायला येऊ नये.

२. रेषा मारायचं यंत्र माझ्या जागी येणाऱ्या माणसाला. त्याने रंगात पाणी अंदाजाने घालू नये.

३. मुख्य प्रशिक्षक बक स्ट्रिंगर याला माझ्या दोन्ही मासेमारीच्या काठ्या, एका अटीवर. दर एप्रिलला ड्राफ्टमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजांतली पोरं निवडतात. आमच्या निवडल्या गेलेल्यांचा जो फलक कॉलेजच्या दालनात आहे, त्यावर माझ्या काळातली चौतीस नावं आहेत. त्यांतली तीन पोरं शेवटच्या वर्षी दुसरीकडून तयार होऊन आली आणि आमच्याकडे फक्त जेवली. ती नावं उतरवावीत. मोठी कॉलेजं घडलेली पोरं आणतात आणि आम्हीच घडवली म्हणून मिरवतात; आपल्याला त्याची गरज नाही. उरलेल्या एकतीसांपैकी बावीस जणांना दुसऱ्या कुठल्याही कॉलेजने बोलावलं नव्हतं. घडवणं म्हणजे ते. बकशी माझं यावरून नऊ वर्षं भांडण आहे, आणि नऊ वर्षं तो दर शुक्रवारी आमच्याकडे तळलेले मासे खायला येतो.

४. माझ्या बावीस वह्या. प्रत्येक पोराचं वजन, उडी आणि धावण्याची वेळ, येतानाची व जातानाची. मी नववीत शाळा सोडली; हे गणित पोरांकडे बघून शिकलो. या वह्या माझ्या पश्चात इझेल पेटवे याला द्याव्यात, आणि पुढचा मजकूर त्याला वाचून दाखवावा.

इझेल आमच्याकडे आला तेव्हा १६८ पौंडांचा होता, बाहेर पडला तेव्हा १९४. त्यातले निम्मे पौंड लोरेटाच्या मक्याच्या पावाचे. मार्च २०१५ मध्ये संघांचे पारखी घड्याळं घेऊन आले. आदल्या सकाळी मी धावण्याची पट्टी नव्या पोलादी टेपने मोजली. चाळीस यार्डांना दीड फूट कमी. पट्टीच्या दोन्ही टोकांचे खिळे पहिल्या वर्षी मीच ठोकले होते, आटलेल्या कापडी टेपने. बकला सांगितलं. तो म्हणाला, उद्याचा दिवस जाऊ दे, मग हलव. मी दुपारीच हलवले.

इझेल ४.६३ सेकंदांत धावला. जुन्या पट्टीवर ४.५८ झाले असते. त्याच्या जागेवर खेळणाऱ्याचा आकडा ४.६० च्या वर गेला की पारखी वही मिटतात. त्याला कुणी निवडलं नाही. संध्याकाळी तो म्हणाला, "पाय जड पडले, काका." मी म्हणालो, होतं असं.

आज तो शेजारच्या तालुक्यात शाळेच्या संघाला शिकवतो आणि पोरांना अजून तेच सांगतो, ऐनवेळी माझे पाय कमी पडले. पट्टी खरी केली याचा मला पस्तावा नाही. पण हे त्याला सांगायचं तर त्याच्या आधी निवडल्या गेलेल्या अठरा जणांचे आकडे माझ्या चुकीने चांगले आले, हेही सांगावं लागलं असतं. नववी शिकलेल्या माणसाकडे अचूकपणाशिवाय असतं काय? त्या अठरांतले अकरा जण व्यावसायिक संघांत चार हंगामांहून जास्त टिकले. ते दीड फुटाने होत नाही. तरीही मी गप्प बसलो.

५. दुरुस्ती, त्याच दिवशी. वरचं कलम लोरेटाने वाचलं. म्हणाली, "म्हणजे तू निघून जाणार आणि त्याने शवपेटीशी भांडायचं? ऊठ, फोन कर."

इझेल दुपारी आला. मी वाचून दाखवलं. त्याने दोन्ही आकडे मला पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाला, "म्हणजे पाय माझे ठीक होते."

ठीक होते, मी म्हणालो.

"अकरा वर्षं मी त्यांना शिव्या घातल्या. आणि तुम्ही दर रविवारी समोर बसून मला वाढत होतात."

तो अंगणात गेला. बराच वेळ गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही. मग आत येऊन खुर्चीवर बसला.

वह्या मी त्याच्या हातात आजच दिल्या आहेत. सबब कलम ४ मधली देणगी रद्द. इझेलला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, त्यामुळे तो साक्षीदार होऊ शकतो. होशील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आधी लिहा की मी अजून रागावलेलो आहे."

लिहिलं.

मृत्युपत्र करणार: हॉलिस रे टार्पली

आमच्यासमक्ष सही झाली:
१. बक स्ट्रिंगर (कलम ३ ची अट अमान्य, म्हणून काठ्या सोडल्या, सही मात्र करतो)
२. इझेल पेटवे

टॅलो बेंड, अलाबामा. रविवार, १५ फेब्रुवारी २०२६.