मापाची दोरी

सोमवार, ४ सप्टेंबर १९७८

सकाळी ठीक नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्याच अंगणात माझा अपमान झाला. एवढं सोडलं तर दिवस झकास. निवृत्त झाले, अथेन्सचा कोंदट फ्लॅट सोडला आणि तिनोस बेटावर स्वतःच्या घरात आले. जाड दगडी भिंती, ताजा चुना, बोरूंवर समुद्रगवत नि माती दाबून केलेलं सपाट छत. फक्त कोपऱ्यातली भिंत फुगली आहे. गवंडी झानीस ती पायापासून नव्याने बांधणार. घर टिकावं म्हणून पायावर कोंबडा कापायचा म्हणाला. माझ्या दारात रक्त सांडायचं नाही, असं ठणकावलं. थोड्या वेळाने पाहते तर हा माझ्या मागे वाकून दोरीने जमीन मोजतोय! म्हणे, "पायाचं माप घेतो, बाई." पाया तिकडे कोपऱ्यात आणि हा माझ्या पाठीमागे!

बुधवार, ६ सप्टेंबर

पायाचा दगड बसला. शेजारची कालिरोई डोकावली. कोंबडा नाही, तर मग पायात घातलं काय गं, म्हणाली. मी म्हटलं, दगड. लोणचं घालतात की काय? ती हसली नाही. माणसाची सावली मोजून दोरी पायात पुरली की त्याच्या जिवावर घर उभं राहतं आणि माणूस खचत जातो, म्हणाली. आमच्या शाळेतल्या नन्सनी तिला छडीच दाखवली असती.

शनिवार, ९ सप्टेंबर

भिंत सुरेख उभी आहे. मी मात्र जिना चढताना तिला धरते. दुपारी अंगणात गेले. अंजिराची सावली होती. खुर्चीची होती. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं —

सोमवार, ११ सप्टेंबर

झानीसला जाब विचारला. म्हणाला, "रक्त नको, तुम्हीच म्हणालात. घर तर उभं राहायला हवं ना, बाई?" दोरी काढ म्हटलं. म्हणतो, दगड हलवला तर घर खाली येईल आणि तुम्हीही. वर टोपी काढून उभा! मयताला आल्यासारखा.

बुधवार, १३ सप्टेंबर

उंबऱ्याशी गेले की छातीवर ओझं. परत फिरते. भिंत कोमट लागते. मी श्वास घेतला की तीही —

गुरुवार, १४ सप्टेंबर

झानीस यास. माझी सावली मला परत हवी. शनिवार, १६ तारखेला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांच्या आत लेखी उत्तर द्यावं. तोंडी चालणार नाही. कागद दाराखालून सरकवावा. दार सापडलं नाही तर भिंतीवर थाप मारावी. हळू. जोरात मारल्यास मला लागे—